यंत्राला अनुदान, कोयत्याला काय?

माननीय मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,



ऊसतोडणी यंत्रांना सरकार जे अनुदान देते त्याविषयी हे पत्र आहे. यंत्राला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. मराठवाड्यात राहून दिवाळीनंतर गावे ओस पडताना पाहणाऱ्या कुणालाही कोयता असाच चालत राहावा असे वाटणार नाही. पहाटेच्या थंडीत फडात उतरायचे, दिवसभर तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, आणि रात्री गाडी आली की पुन्हा भरायला उठायचे. या कामातून माणूस सुटला तर चांगलेच आहे. प्रश्न तो कसा सुटतो आणि सुटून कुठे जातो, हा आहे. सरकारी योजनेत यंत्र घेणारा आहे, त्याचे कर्ज आहे, अनुदानाची टक्केवारी आहे. ज्याचे काम यंत्राकडे जाणार आहे तो मात्र लाभार्थ्यांच्या यादीत कुठेच नाही.

योजना आपल्याला माहीतच आहे, तरी वाचकांसाठी मांडतो. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून राज्यात ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदान मंजूर झाले. यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. एकूण तरतूद ३२१ कोटी ३० लाखांची. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. शेतकरी, उद्योजक, सहकारी आणि खासगी कारखाने, शेतकरी उत्पादक संस्था यांना त्यासाठी अर्ज करता येत होता.

आता एक हिशेब. तो माझा आहे आणि ढोबळ आहे, पण फडातल्या कुणालाही तपासून पाहता येईल. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एक कोयता दिवसाला सरासरी दोन टन ऊस तोडून, बांधून, भरून देतो. मोठे यंत्र दिवसाला १०० टन तोडते असे धरू. म्हणजे एक यंत्र ५० कोयत्यांचे, १०० माणसांचे काम करते. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. दोन टनांचे ७३२ रुपये झाले. हंगाम १२० दिवसांचा धरला आणि एकही खाडा पडला नाही, तरी दोन माणसांची पूर्ण हंगामाची कमाई ८८ हजारांच्या आत राहते. आणि एका यंत्राचे ३५ लाख ५० कोयत्यांवर वाटले, तर कोयत्यामागे ७० हजार येतात.

एका जोडप्याच्या हातातले काम काढून यंत्राकडे सोपवण्यासाठी सार्वजनिक तिजोरी त्या जोडप्याच्या जवळजवळ एका हंगामाच्या कमाईइतका खर्च करते. त्यातला एक रुपयाही त्या जोडप्याकडे जात नाही. ९०० यंत्रांचा हिशेब केला तर ४५ हजार कोयते होतात, म्हणजे ९० हजार माणसे. राज्यातल्या ऊसतोड मजुरांची संख्या साधारण आठ ते दहा लाख मानली जाते. त्यातला सुमारे दहावा हिस्सा. आणि ही फक्त अनुदानाची यंत्रे. स्वतःच्या पैशाने घेतलेली वेगळी.

या योजनेची मागणी कुठून आली तेही मला ठाऊक आहे, आणि ती खोटी नव्हती. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात १३ कोटी टनांहून अधिक उसाचे गाळप झाले, साखर उत्पादनात महाराष्ट्राने उत्तर प्रदेशाला मागे टाकले, आणि तरीही मराठवाड्यात जून उजाडला तरी ऊस रानात उभा होता. वजन घटत होते, तुरे आलेले होते, आणि शेतकरी तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागे फिरत होता. तोडणारे आणि गाडीवाले दरवर्षी घेतात ते खुशालीचे, एन्ट्रीचे पैसे वेगळेच. सांगली-कोल्हापूरकडच्या वाहतूकदारांची दुसरी कहाणी आहे. मजूर आणणाऱ्या मुकादमाला लाखांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायची आणि टोळी आलीच नाही, तर डोक्यावर कर्ज घेऊन बसायचे. त्यात मजूरही कमी होत आहेत. बीड, जालना, अहिल्यानगरच्या ज्या घरांत दोन पिढ्या कोयता चालला, तिथली मुले आता पुण्याला कंपनीत जातात, पोलीसभरतीची तयारी करतात, काहीच नाही तर टेम्पो चालवतात. माझ्या वर्गात अशी मुले बसतात. त्यांतल्या एकानेही मोठेपणी कोयता धरावा असे मला वाटत नाही.

म्हणून टंचाई खरी आहे, आणि टंचाई असली की यंत्र येते. शेतीच्या अर्थशास्त्रात युजिरो हायामी आणि व्हर्नन रटन यांनी हे १९७१ मध्ये सविस्तर मांडले. जपानमध्ये जमीन कमी, म्हणून तिथे संशोधन बियाण्याकडे आणि खताकडे वळले. अमेरिकेत माणसे कमी, म्हणून तिथे यंत्रांकडे वळले. जे दुर्मीळ असते ते महागते, आणि शोधक बुद्धी त्याची बचत करायला धावते. पण या विचारात एक अट दडलेली आहे: किमती खऱ्या असल्या पाहिजेत. आपल्या फडात त्या खऱ्या नाहीत. तोडणीचा दर साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यातल्या करारात काही वर्षांसाठी एकदा ठरतो. त्या काळात मजूर कितीही कमी पडले तरी दर हलत नाही. उचल घेतलेला मजूर आधीच बांधलेला असतो, तो मध्येच दुसऱ्या कारखान्याकडे जाऊन जास्त मागू शकत नाही. म्हणजे माणसाची किंमत करारात अडकलेली. यंत्राची किंमत मात्र अनुदानाने चाळीस टक्क्यांनी खाली आणलेली. अशा ठिकाणी यंत्र आले तर ते निव्वळ बाजारामुळे आले असे म्हणता येणार नाही. ते शासन निर्णयाने आले आहे, आणि त्याच्या परिणामांची जबाबदारीही म्हणून शासनाची आहे.

अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो हा मुक्त व्यापाराचा मोठा पुरस्कर्ता. त्याने १८२१ मध्ये आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर एक नवे प्रकरण घातले, आणि त्यात कबूल केले की यंत्राने देशाची संपत्ती वाढत असतानाच मजुरांच्या वर्गाचे नुकसान होऊ शकते. दोनशे वर्षे अर्थशास्त्र या प्रश्नाशी झुंजते आहे. २०२५ चे अर्थशास्त्राचे नोबेल जोएल मोकिर, फिलिप आगियों आणि पीटर हॉविट यांना मिळाले, तेही याच परिसरातल्या कामासाठी: नवे तंत्र जुन्याला मोडून वाढ घडवते, आणि ज्यांचे मोडते त्यांच्याशी समाज कसा वागतो यावर ती वाढ टिकते की अडते हे ठरते. हे विद्यापीठातच ठेवण्याचे ज्ञान नाही. ते शासन निर्णयाच्या मसुद्यात उतरायला हवे.

आपल्या प्रकरणाच्या सगळ्यात जवळचे उदाहरण कॅलिफोर्नियातल्या टोमॅटोचे आहे, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो. डेव्हिस इथल्या सरकारी विद्यापीठात जॅक हॅना या पीक-पैदासकाराने यंत्राचा मार सोसणारा, एकाच वेळी पिकणारा टोमॅटो तयार केला. त्याच विद्यापीठातल्या कोबी लॉरेन्झन या अभियंत्याने तो तोडणारे यंत्र बनवले. मेक्सिकोतून शेतमजूर आणण्याचा सरकारी करार १९६४ मध्ये संपला, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत कारखान्याला जाणारा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्राने तोडला जाऊ लागला. टोमॅटो स्वस्त झाला, पीक वाढले. पण टोमॅटो लावणारे शेतकरी, जे साठच्या दशकाच्या आरंभी सुमारे ४,००० होते, १९७३ पर्यंत सुमारे ६०० उरले, कारण महागडे यंत्र मोठ्या रानालाच परवडत होते. मजुरांच्या हजारो नोकऱ्या गेल्या. ज्या विद्यापीठाच्या पैशातून हे संशोधन झाले ते ज्यांच्या करावर चालत होते त्यांत हे छोटे शेतकरी होते, हे मजूरही होते.

१९७० मध्ये अँड्र्यू श्मिट्झ आणि डेव्हिड सेकलर या दोन अर्थतज्ज्ञांनी या यंत्राचा जमाखर्च मांडला. त्यांचा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. यंत्राने झालेला एकूण फायदा इतका मोठा होता, की मजुरांच्या बुडालेल्या मजुरीचा बराच भाग भरून दिला असता तरी समाजाच्या हाती भरपूर उरले असते. मात्र मजुरांना काहीच दिले गेले नाही. देता येण्याजोगे होते, हे कागदावर सिद्ध झाले. द्यायची तरतूद कुठल्या कायद्यात नव्हती, म्हणून ते कागदावरच राहिले. १९७९ मध्ये शेतमजुरांच्या बाजूने विद्यापीठावर खटला झाला, खालच्या न्यायालयात तो जिंकला गेला, आणि १९८९ मध्ये अपिलात हरला. तोवर टोमॅटो तोडणाऱ्यांची एक पिढी पांगून गेली होती. नुकसान झाल्यावर न्यायालयात जाऊन काही हाती लागत नाही, ही त्या खटल्याची शिकवण आहे. जे करायचे ते यंत्र रानात उतरण्याआधी करावे लागते.

त्याच कॅलिफोर्नियाच्या बंदरांत, त्याच काळात, वेगळे घडले. गोदी कामगारांचा नेता हॅरी ब्रिजेस याने ओळखले होते की कंटेनर आणि क्रेन थांबवता येणार नाहीत. १९६० मध्ये संघटनेने मालकांशी करार केला. यंत्रे आणा, कामाचे जुने नियम बदला. बदल्यात वर्षाला सुमारे ५० लाख डॉलर, साडेपाच वर्षांत एकूण सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर एका निधीत जमा करा. त्यातून वय झालेल्या कामगारांना लवकर निवृत्ती, आणि उरलेल्यांना कामावरून काढणार नाही अशी हमी. तो करार निर्दोष नव्हता. नोंदणीकृत कामगारांना संरक्षण मिळाले, हंगामी मात्र बाहेर राहिले, आणि आपल्याकडे सगळेच हंगामी आहेत म्हणून ही उणीव मी मुद्दाम नोंदवतो. तरीही एक तत्त्व त्या कराराने रुजवले: यंत्राच्या बचतीत ज्याचे काम गेले त्याचा हिस्सा असतो, आणि तो आधी ठरतो.

आता आपण म्हणाल, हे अमेरिकेचे झाले. पण अशा व्यवस्था घडवण्यात महाराष्ट्र कधीच मागे नव्हता. १९६९ चा माथाडी कायदा घ्या. अण्णासाहेब पाटलांनी ज्या हमालांसाठी लढा उभारला त्यांचा एक मालक नव्हता, कायम नोकरी नव्हती, आज या गोदामात तर उद्या त्या बाजारात. कायद्याने मंडळे नेमली, मजुरीवर लेव्ही बसवली, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना उभा केला. ऊसतोड मजुराची स्थिती याहून वेगळी काय आहे? रोजगार हमीचेही तसेच. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेली ही योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली, आणि तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून थोडे घ्यायचे आणि ज्यांच्याकडे काम नाही त्यांना हक्काने द्यायचे, हे या राज्याने देशाला शिकवले. नवनिर्मिती म्हणजे केवळ यंत्र नव्हे. माथाडी मंडळ हीसुद्धा नवनिर्मिती होती, आणि माझ्या मते गेल्या शतकातल्या मोठ्या नवनिर्मितींपैकी एक.

ऊसतोड मजुरांसाठी आज लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. गाळप झालेल्या टनामागे कारखान्याकडून १० रुपये आणि तेवढीच रक्कम सरकारकडून, अशी त्याची रचना आहे. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आहे. म्हणजे खाते आहे, पैसे येण्याचा मार्ग आहे, मजुरांच्या नोंदणीची पद्धत आहे. नाही ते एवढेच, की यंत्राने तोडलेला टन आणि हाताने तोडलेला टन यांत हे खाते फरक करत नाही. हाताने तोडलेल्या टनाचे ३६६ रुपये एका घरात जातात. यंत्राने तोडलेल्या टनाचे त्या घरात शून्य जातात. दोन्हींवर वर्गणी तेवढीच.

माझी मुख्य मागणी इथे आहे. सरकारी अनुदानातून घेतलेल्या प्रत्येक यंत्राने तोडलेल्या टनामागे ५० रुपये या महामंडळाच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावेत, आणि त्या कारखान्याच्या फडात आधीच्या हंगामांत काम केलेल्या नोंदणीकृत कोयत्यांना ते थेट मिळावेत. वर उल्लेखलेले यंत्र हंगामात १२ हजार टन तोडेल. त्याचे ६ लाख होतात. सहा हंगामांत अनुदानाइतकीच रक्कम परत फिरते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर ते ३५ लाख यंत्रमालकाला बक्षीस दिलेले नसतील. ते यंत्राच्या भांडवलातला कोयत्याचा वाटा असतील, आणि त्यावर कोयत्याला परतावा मिळेल.

कारखानदार म्हणतील, साखर धंदा आधीच तोट्यात आहे. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली ती वर्षानुवर्षे तिथेच राहिली आणि एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, मात्र वाढत गेली. ही तक्रार खरी आहे. पण २०२५-२६ साठीची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे, त्यापुढे ५० रुपये दीड टक्काही नाहीत. आणि ज्याला हे नको असेल त्याने अनुदान न घेता यंत्र घ्यावे. त्याला कुणी अडवलेले नाही. एक गोष्ट मात्र लेखी असावी: ही रक्कम यंत्रमालकाच्या दरातून जाईल, शेतकऱ्याच्या बिलातून नाही. तोडणी-वाहतूक आधीच त्याच्या एफआरपीतून कापली जाते. त्यावर यंत्राच्या उसाला पाचटाची म्हणून वजनात कपात होते, आणि जड यंत्राच्या चाकाखाली खोडव्याचे फुटवे दबले तर तेही नुकसान त्याचेच. टनामागच्या आणखी एका कपातीचे ओझे त्याच्यावर टाकून मजुराला न्याय देता येणार नाही. त्यातून फक्त दोन गरिबांत भांडण लागेल.

बायकांविषयी वेगळे लिहायला हवे, कारण धोरणाच्या कागदात त्या कुठेच दिसत नाहीत. कोयत्यात अर्धे काम बाईचे असते. तोडलेला ऊस गोळा करणे, मोळी बांधणे, डोक्यावर वाहणे, आणि फडाआधी आणि फडानंतर चूल. उचल मात्र नवऱ्याच्या अंगठ्यावर मिळते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्याची पाहणी आली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. खाडा पडू नये म्हणून, पाळी नको म्हणून, डॉक्टरने भीती घातली म्हणून. ज्या धंद्याने या बायकांच्या शरीरातून एवढे घेतले, त्या धंद्यात यंत्र आल्यावर त्यांना काय मिळते? यंत्राच्या केबिनमध्ये चालक पुरुष असतो. बाईसाठी उरते बांधाकडेचा, यंत्राला न पोचणारा ऊस तोडणे आणि मागे सांडलेल्या कांड्या वेचणे. कोयता मोडला की नवऱ्याला निदान ड्रायव्हरकी मिळू शकते, बाईला रोजंदारी. म्हणून खात्यातली रक्कम कोयत्याच्या नावे न जाता निम्मी तिच्या बँक खात्यात गेली पाहिजे, आणि नोंदणीत तिचे नाव स्वतंत्र मजूर म्हणून असले पाहिजे. हे करायला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

यंत्र कसले हवे हेही कुणी ठरवलेले नाही. आज जे मोठे यंत्र येते त्याची घडण ऑस्ट्रेलिया-ब्राझीलच्या लांबच लांब रानांसाठी झाली. त्याला साडेचार-पाच फुटांची सरी लागते, वळायला जागा लागते, कोरडी जमीन लागते. कोल्हापूरच्या दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यात ते शिरत नाही. ते उसाचे बारीक तुकडे करते, आणि असा ऊस काही तासांत गाळला नाही तर त्याची प्रत घसरते. गव्हाणीपुढे रांगा लावणाऱ्या आपल्या कारखान्यांना ते जमतेच असे नाही. त्याचे गुणही आहेत. ऊस जमिनीलगत तुटतो, पाचट रानात पसरते, पेटवण्याची गरज राहत नाही. पण कॅलिफोर्नियाची चूक आपण इथे पुन्हा करू शकतो: मोठ्या यंत्राला अनुदान द्यायचे, मग यंत्रासाठी रान मोठे करायचे, मग छोटा शेतकरी उसातून बाहेर. डॅरन असेमोग्लू, ज्यांना २०२४ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, वर्षानुवर्षे सांगत आहेत की तंत्रज्ञानाची दिशा आकाशातून पडत नाही. पैसा कुठे लावला जातो यावर ती ठरते. काही यंत्रे माणसाला बाजूला सारतात आणि उत्पादकता जेमतेम वाढवतात. काही माणसाच्या हाताला बळ देतात.

हाताला बळ देणारे तंत्र या फडात कोणते? माझ्या मते सर्वांत आधी भरणीचे. मान, कंबर, गुडघे मोडतात ते तोडताना कमी आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढताना जास्त. ट्रॅक्टरला जोडता येणारा, एका टोळीला मिळून विकत घेता येईल असा भरणी-यंत्राचा छोटा नमुना, तीन-साडेतीन फुटांच्या सरीत चालणारे अख्खा ऊस तोडणारे यंत्र, तोडणाऱ्याच्या हाताला बेताची पडेल अशी हत्यारे. यांवर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला आणि राहुरी, परभणीच्या कृषी विद्यापीठांना पैसा आणि मुदत दिली पाहिजे. २०२५ मध्ये राज्याने शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले आणि त्याला ५०० कोटी ठेवले. उसाला पाणी किती द्यायचे हे उपग्रह आणि संवेदक सांगू लागले आहेत, चांगली गोष्ट आहे. त्याच उसाखाली वाकलेल्या माणसाच्या पाठीसाठी मात्र राज्याच्या संशोधनात ठळक खाते नाही. संशोधन संस्थांना मजूर हे संशोधनाचे ग्राहक वाटत नाहीत, कारण मजूर काही विकत घेत नाही. ही उणीव फक्त सरकार भरू शकते, आणि नवनिर्मितीचे सरकारी धोरण असते ते अशासाठीच.

ब्राझीलमधल्या साओ पावलोचे एक शिस्तीचे काम घेण्यासारखे आहे. तिथे ऊस पेटवून तोडण्याची पद्धत बंद करण्याचा कायदा २००२ मध्ये झाला. यंत्र चालू शकेल अशा जमिनीसाठी २०२१ आणि उरलेल्या जमिनीसाठी २०३१ अशी मुदत घातली, पुढे कारखान्यांनी करार करून ती अलीकडे आणली. पेटवणे थांबले की यंत्र येणार, म्हणून सगळ्यांना कित्येक वर्षे आधी माहीत होते की ते कधी येणार. कारखान्यांच्या संघटनेने आणि शेतमजुरांच्या संघटनेने मिळून प्रशिक्षणाचा कार्यक्रम चालवला, त्याला यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांनीही पैसे दिले. सगळ्या मजुरांना काम मिळाले असे नाही, बहुतेकांना नाहीच मिळाले. पण तारीख जाहीर असणे हीच मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे टोळीला कळते ते कारखान्यावर पोचल्यावर, की यंदा अर्धा फड यंत्राकडे गेला. तोवर उचल खर्च झालेली असते, लग्न नाहीतर दवाखाना झालेला असतो, आणि ती फेडायला पुढचा हंगाम आधीच गहाण पडतो.

म्हणून प्रत्येक कारखान्याने हंगामाआधी, उचल वाटण्याच्या आत, किती ऊस यंत्राने आणि किती कोयत्याने तोडणार हे जाहीर करावे, आणि ज्या टोळीचे काम यंत्रामुळे कमी झाले तिची तेवढी उचल माफ व्हावी. अनुदानातल्या यंत्रांपैकी ठरावीक वाटा ऊसतोड मजुरांच्या सहकारी संस्थांना मिळावा, आणि त्यांना स्वतःचे भांडवल उभे करता येत नाही तिथे महामंडळाने हमी द्यावी. या राज्यात शेतकऱ्यांनी सहकारी कारखाना काढला तो १९५० मध्ये प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने. तेव्हाही सांगणारे होते, की शेतकऱ्याला कारखाना चालवता येणार नाही. यंत्राचा मालक कोयतेवाला का होऊ नये, याचे उत्तर मला अजून कुणी दिलेले नाही.

महोदय, गाळप हंगामाचे धोरण दरवर्षी आपल्या अध्यक्षतेखालच्या मंत्री समितीच्या बैठकीत ठरते. कारखाने केव्हा सुरू होणार, टनामागे कशाकशाची वर्गणी लागणार, सारे तिथेच. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर यंत्राच्या टनामागच्या ५० रुपयांचा विषय घ्यावा, आणि त्या दिवशी साखर संघाच्या प्रतिनिधींच्या शेजारी मजूर संघटनांच्या प्रतिनिधींबरोबर फडात काम केलेल्या दोन बायकांनाही बोलवावे. शिरूर कासार, धारूर, पाटोदा, कुठल्याही तालुक्यातून. त्या हिशेब चोख सांगतील. बैठक साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, त्या वेळी त्या गावातच असतात.

आपला,
बीड जिल्ह्यातील अर्थशास्त्राचा एक शिक्षक